पाळणा लांबवायचा, पण कुणी?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर. महिला विभागातील तिघींनी मिळून हे भाषण तयार केले आणि आळीपाळीने सादर केले.)



पत्रिकेवर आजचा विषय छापून आला तेव्हा दोन-चार ज्येष्ठांनी आम्हाला विचारलं, "गणपतीपुढे हे कशाला?" त्यांचा मान ठेवून आधी त्याचंच उत्तर देतो. आपल्या घरात जन्माशी जोडलेली कुठली गोष्ट लपून होते? डोहाळजेवणाला सगळी आळी जेवायला येते. बाराव्याला पाळणा हलतो तेव्हा बाळाच्या कानात नाव सांगायला आत्याबाई रावेरहून येतात. गौरीपुढे लेकी-सुनांच्या ओट्या भरतो. लेकरू येणार, आलं, वाढलं, हे सगळं आपण वाजतगाजत करतो. मग दोन लेकरांत अंतर कसं ठेवायचं, एवढीच गोष्ट दाराआड कुजबुजत का बोलायची? आम्ही तिघी. एकीने आरोग्य खात्यात नर्स म्हणून नोकरी केली, एक शाळेत विज्ञान शिकवते, आणि तिसरी घर आणि केळीची बाग सांभाळून वाचणारी. गेलं वर्षभर या विषयावरचे अभ्यास आम्ही वाचत होतो. त्यात जे सापडलं ते सांगायला उभ्या आहोत.

सुरुवात आपल्याच गावाजवळून करू. शाहपूरहून बऱ्हाणपूरला आपण बाजाराला, दवाखान्याला नेहमी जातो. पाहुणे आले की शाही किल्ला दाखवतो, तिथला हमामखाना दाखवतो. पण त्या बऱ्हाणपुरात जून १६३१ मध्ये मुमताज महल गेली, ती बाळंतपणात गेली, हे सांगताना आपण ताजमहालाकडे लवकर वळतो. जरा थांबून हिशेब करा. १६१२ मध्ये लग्न, १६३१ मध्ये मृत्यू. एकोणीस वर्षांत चौदा बाळंतपणं. त्या चौदांपैकी सातच मुलं मोठी झाली. ती गेली तेव्हा तिचं वय ३८ होतं. आधी तापीपलीकडे जैनाबादला आहूखान्यात तिचं दफन झालं आणि काही महिन्यांनी तिला आग्र्याला नेलं. तिच्याकडे हकीम नव्हते का? दाया नव्हत्या? पैसा नव्हता? सगळं होतं. पण बाळंतपणामागून बाळंतपण आलं की गर्भाशयाची आकसण्याची ताकद कमी होते, रक्तस्राव थांबत नाही, हे आज कुठलीही नर्स सांगेल. त्या काळी अंतर राखायचं खात्रीचं साधन बादशहाच्या राणीलाही मिळालं नाही.

आज ते साधन आहे. एक नाही, सहा-सात आहेत. आणि आपल्याकडे चौदा लेकरांचा प्रश्नही उरलेला नाही. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एका स्त्रीमागे सरासरी मुलं २.० निघाली. मध्य प्रदेशचाही आकडा तोच आहे. म्हणजे "हम दो, हमारे दो" झालं. मग आमचं म्हणणं काय?

आमचं म्हणणं हे की ते कसं झालं ते बघा. त्याच पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं आहे. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रात तर हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जातं. आणि पुरुषांची नसबंदी? ०.३ टक्के. एका पुरुषामागे सव्वाशे बायका! तीही पुरुषाची शस्त्रक्रिया बिनटाक्याची, पोट न उघडता होणारी आणि बायकांच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असताना.

दुसरी गोष्ट वयाची. ही ऑपरेशनं साधारण पंचविशी-सव्विशीत उरकलेली असतात. लग्न, लगेच पहिलं, दीड-दोन वर्षांत दुसरं, मग ऑपरेशन. मधल्या काळात काहीच नाही. आपल्या गावात आजूबाजूला बघा, किती जणींनी ऑपरेशनाआधी दुसरं एखादं साधन वापरून पाहिलं होतं? बहुसंख्य स्त्रियांसाठी पहिलं साधन आणि शेवटचं साधन एकच असतं.

केळी लावताना आपण असं वागतो का? मृगबाग लावायची की कांदेबाग, रोप टिश्यूचं आणायचं की कंद, दोन झाडांत पाच फूट ठेवायचं की सहा, ठिबक कुठल्या कंपनीचं, हे ठरवायला गडी माणूस चार गावं फिरतो, दहा जणांना विचारतो. अंतर कमी पडलं तर घड भरत नाही, हे कुणाला शिकवावं लागत नाही. प्रसूतीनंतर पुढचा गर्भ राहण्याआधी किमान दोन वर्षं जावीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते मात्र त्याच गड्याला कुणी सांगितलेलं नसतं, आणि त्यानेही विचारलेलं नसतं.

हे असं का झालं, याचा इतिहास आहे. तो आपल्या मराठी मुलखातूनच सुरू होतो. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव कर्वे, म्हणजे र. धों., यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र निघालं तेही त्याच वर्षी. विल्सन कॉलेजातली गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी या कामापायी गेली. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी "समाजस्वास्थ्य" मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, पण मासिक बंद केलं नाही. या सगळ्यात मालतीबाई त्यांच्या बरोबर होत्या, आणि त्यांच्या वाट्याला किती टोमणे आले असतील ते इथे बसलेल्या बायकांना वेगळं सांगायला नको. पुढे नोव्हेंबर १९३८ मध्ये बाबासाहेबांच्या पक्षाचे प. ज. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला.

त्या माणसांच्या बोलण्यात एक गोष्ट पक्की होती. माहिती आधी, निर्णय नंतर, आणि निर्णय ज्याचा त्याचा. १९५२ मध्ये सरकारी कार्यक्रम आला, लाल त्रिकोण आला, १९६८ मध्ये निरोध आला. मग हळूहळू माहिती मागे पडली आणि आकडा पुढे आला. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, सुमारे ८२ लाख नसबंद्या झाल्या. त्यातल्या जवळजवळ तीन चतुर्थांश पुरुषांच्या होत्या, अनेक ठिकाणी जबरदस्तीने केलेल्या. इथल्या सत्तरी ओलांडलेल्या आजोबांना ती वर्षं आठवत असतील. त्याचा राग निघाला तो असा, की सरकार पुन्हा पुरुषांच्या वाटेला गेलं नाही आणि पुरुष पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. तेवढ्यात दुर्बिणीचं ऑपरेशन आलं. सगळा भार बायकांच्या पोटावर आला, आणि तिथेच राहिला.

एप्रिल १९९६ पासून साधनवार टार्गेट कागदोपत्री बंद झाली. तरी शिबिरं सुरूच राहिली. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात, बिलासपूर जिल्ह्यात, एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं झाली. त्यातल्या आणि त्याच दिवसांतल्या जवळच्या शिबिरांतल्या मिळून तेरा-एक जणी गेल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितली. आम्ही ऑपरेशनाच्या विरोधात नाही, हे स्पष्ट करतो. ज्या बाईला दोन-तीन लेकरांनंतर समजून-उमजून ऑपरेशन हवंय, तिला ते नीट ठिकाणी, नीट माणसाच्या हातून मिळालंच पाहिजे. प्रश्न "समजून-उमजून" या शब्दाचा आहे.

आता अभ्यासांकडे येतो. पुष्कळ वाचले, त्यातले तीनच सांगतो. तिन्ही मराठी बोलणाऱ्या गावांतले आहेत, म्हणून ते आपल्याला लागू पडतात असं आम्हाला वाटतं.

पहिला गडचिरोलीचा. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये तिथे "सर्च" ही संस्था काढली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० मुली-बायकांची त्यांनी गावातच तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये "लॅन्सेट" या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता. आणि त्याआधी कधी स्त्रीरोगासाठी तपासणी झालेल्या किती होत्या? ८ टक्के. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, पाळीचा त्रास, हे बायकांनी "बाईच्या जातीला असायचंच" म्हणून अंगावर काढलेलं होतं.

याचा आपल्या विषयाशी संबंध काय? मोठा आहे. आमच्यातल्या नर्सताईंनी हे वर्षानुवर्षं पाहिलंय. बाई आधीच पांढऱ्या पाण्याने बेजार, कुणी तपासलेलं नाही, आणि तशीच तिला कॉपर-टी बसवली. पुढे त्रास वाढला की नाव कॉपर-टीचं. मग ती दहा जणींना सांगते आणि दहा जणी बसवत नाहीत. गडचिरोलीच्या अभ्यासाने हेही तपासलं होतं. बायकांची साधनं आणि स्त्रीरोग यांच्यात संबंध दिसला, पण त्याने एकूण आजारांचा अगदी थोडाच भाग उलगडत होता. बाकीचा आजार साधनाशिवायच होता. म्हणून आधी तपासणी, असेल त्या संसर्गावर उपचार आणि मग साधन. हा क्रम पाळला तर निम्म्या अफवा तिथेच थांबतील.

दुसरा पाचोडचा. पैठण तालुक्यातलं पाचोड. तिथल्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने लग्न न झालेल्या मुलींसाठी वर्ग चालवले. वर्षभर, आठवड्याचे पाच दिवस, संध्याकाळी एक तास. शिकवणाऱ्या कोण, तर गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायका. शरीर कसं चालतं, पाळी, आहार, पैशाचे व्यवहार, पंचायत, दवाखान्यात कसं बोलायचं, असं सगळं. जिथे वर्ग झाले तिथे १९९७ ते २००१ या काळात मुलींच्या लग्नाचं मधलं वय सोळावरून सतरावर गेलं. तुम्ही म्हणाल, एकच वर्ष? कायद्याच्या अठरापर्यंतसुद्धा नाही! खरंय. पण सोळा आणि सतरा यांच्यात मुलीची एक इयत्ता असते. आणि हे वर्ष कुणी पोलीस पाठवून मिळवलेलं नाही, संध्याकाळच्या एका तासाने मिळवलंय.

शाळेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. २००७ मध्ये शाळांतलं किशोरवयीन शिक्षण महाराष्ट्रानेही रोखलं आणि मध्य प्रदेशानेही. या एका बाबतीत सीमेच्या दोन्ही बाजूंचं एकमत झालं. शाळेच्या विज्ञानात किशोरावस्थेचा धडा आहे, दहावीत प्रजननाच्या धड्यात साधनांचा थोडका उल्लेख आहे. तो धडा "घरी वाचून या" म्हणून सोडून देऊ नये, इतकीच आमची इथल्या शिक्षकांना विनंती.

तिसरा अभ्यास ठाणे जिल्ह्यातल्या ग्रामीण भागातला. त्याच्यासाठीच खरं तर आज पुरुषांना आग्रहाने बसवून घेतलंय. (ठाण्यातही एक शहापूर आहे. आम्ही आपल्या शाहपूरबद्दल बोलत नाही, उगीच कुणी चपापू नये.) मुंबईची राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्था आणि सॅन दिएगोचं कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनी इतर सहकाऱ्यांसह २०१२ पासून तो केला. "चार्म" या नावाने तो ओळखला जातो. १०८१ तरुण जोडपी घेतली, गावांचे ५० गट केले. निम्म्या गटांत नेहमीचीच सेवा दिली. उरलेल्यांत गावातल्याच पुरुष डॉक्टर-वैद्यांना शिकवून तयार केलं आणि त्यांनी नवऱ्यांशी बोलायचं ठरलं. दोन बैठका नवऱ्याबरोबर एकट्याने, तिसरी नवरा-बायको दोघांबरोबर. विषय साधनांचा होताच, पण त्याबरोबर मुलगाच हवा हा हट्ट, बायकोशी बोलणं, तिच्यावर हात न उचलणं, तिच्या मनाविरुद्ध जवळ न जाणं, हेही होतं.

निष्कर्ष २०१६ मध्ये छापून आले. या गटात नवरा-बायकोचं साधनांविषयी बोलणं वाढलं. नऊ महिन्यांनी आणि अठरा महिन्यांनी पाहिलं तेव्हा आधुनिक साधन वापरण्याची शक्यता दुसऱ्या गटापेक्षा सुमारे दीडपट होती. आणि ज्याने आम्हाला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो आकडा वेगळाच आहे. अठरा महिन्यांनंतर, नवऱ्याने जबरदस्ती केल्याचं सांगणाऱ्या बायकांची शक्यता जवळजवळ निम्म्यावर आली होती. तीन बैठकांत! जगाला हलवणारा चमत्कार आम्ही याला म्हणणार नाही. पण ज्यांच्याशी कुणी बोलतच नव्हतं त्यांच्याशी तीनदा बोललं, तर एवढं होतं. नंतर पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात याचीच सुधारलेली आवृत्ती केली, तेव्हा बायकांसाठी बाई कार्यकर्तीबरोबरच्या स्वतंत्र बैठका जोडल्या. तेही योग्यच. नवऱ्यासमोर सगळंच बोलता येत नाही.

मघाच्या राष्ट्रीय पाहणीत पुरुषांना एक प्रश्न होता. गर्भनिरोध ही बायकांची बाब आहे, पुरुषाने त्याची काळजी करायचं कारण नाही, हे पटतं का? देशातल्या ३५ टक्के पुरुषांनी हो म्हटलं. म्हणजे उरलेल्या पासष्टांना तसं वाटत नाही किंवा ते नक्की सांगत नाहीत. मग नसबंदी ०.३ टक्केच का? आमचा अंदाज असा की या पासष्टांपर्यंत कुणी पोचलंच नाही. आशा दीदी येते ती सुनेकडे. अंगणवाडीची बैठक बायकांची. नवरा बागेत, लूमवर किंवा ओसरीवर.

आपल्या सीमेवरच्या गावांची एक अडचण कुठल्या पुस्तकात लिहिलेली सापडली नाही, म्हणून इथे सांगतो. आपल्या कितीतरी सुना रावेर, मुक्ताईनगर, यावल, जळगावच्या. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात मुलगी जाते, बाळ दोन-तीन महिन्यांचं करून परत येते. आता गंमत बघा. प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत कॉपर-टी बसवता येते, आणि पाळणा लांबवायला ती उत्तम वेळ. पण तेव्हा मुलगी महाराष्ट्रात, नवरा मध्य प्रदेशात. डॉक्टर विचारतात, बसवायची का? आई म्हणते, जावयांना विचारल्याशिवाय कसं? जावई फोनवर म्हणतात, आईला विचारतो. आणि त्या विचारण्यात ४८ तास जातात. परत आल्यावर इथल्या आशा दीदीकडे तिची नोंदच अर्धवट, कारण कार्ड तिकडचं. दीड वर्षात दुसऱ्याची चाहूल.

यावर आमचा उपाय साधा आहे. हा निर्णय डोहाळजेवणाच्या आठवड्यातच घ्या. त्या वेळी नवरा, सासू, मुलगी सगळी एका घरात असतात. ठरवा आणि कार्डावर लिहून द्या. ओटीत नारळाबरोबर ते कार्डही जाऊ द्या.

साधनांची यादी वाचून तुम्हाला कंटाळा आणत नाही. कॉपर-टी पाच किंवा दहा वर्षांची असते, हवी तेव्हा काढता येते. "अंतरा" हे इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं. "छाया" ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. ती लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली आपली देशी गोळी आहे, तिच्यात हार्मोन नाहीत आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. "माला-एन" मात्र बाळ अंगावर पीत असताना पहिले सहा महिने घेऊ नये. निरोध सगळ्यांना माहीत आहे, वापरायचा की नाही एवढाच प्रश्न असतो.

गेले आठ दिवस मंडपाच्या खांबाला आम्ही एक डबा बांधला होता, त्यात निनावी चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या होत्या. त्यातल्या चारांची उत्तरं देऊन थांबतो.

"अंतरा घेतल्यावर पाळी बंद झाली. घाण आत साठते का?" नाही. अस्तरच तयार होत नाही, मग साठणार काय? इंजेक्शन थांबवलं की काही महिन्यांनी पाळी येते. मूल हवं असेल तर थोडा उशीर लागतो, तो हिशेब आधी धरावा.

"सासूबाईंना न सांगता घेतलं तर गुन्हा आहे का?" नाही. साधन घ्यायला सासूची नाही, नवऱ्याचीही सही लागत नाही. अगदी ऑपरेशनालाही सरकारी नियमात जोडीदाराची संमती सक्तीची नाही. सांगितलेलं बरं, पण ते तुमच्या घराचं तुम्ही बघा.

"नसबंदी केल्यावर केळीचे घड उचलता येतात का?" ही चिठ्ठी बहुधा एखाद्या भावाने लिहिली असावी, त्याला धन्यवाद. दोन दिवस आराम, आठवडाभर जड काम नाही, नंतर घड, खताची पोती सगळं उचला. ताकद जात नाही, पुरुषपणही जात नाही. फक्त बीज येण्याची नळी बंद होते. एक लक्षात ठेवा, पहिले तीन महिने दुसरं साधन वापरायचं, मग वीर्य तपासून घ्यायचं. तोवर नसबंदी लागू झाली असं धरू नये.

चौथी चिठ्ठी एवढीच होती: "आम्हाला हे सगळं विचारायला लाज वाटते, कुठे विचारायचं?" अक्षरावरून मुलगा की मुलगी ते कळलं नाही. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी सातला याच सभागृहात फक्त पुरुषांची आणि तरुण मुलांची बैठक ठेवली आहे. तिथे आम्ही नसू, आरोग्य खात्यातून निवृत्त झालेले एक पुरुष कर्मचारी बोलतील. त्याच वेळी बायकांची आणि मुलींची बैठक शेजारच्या खोलीत, तिथे आम्ही तिघी असू. चिठ्ठ्यांचा डबा तोवर खांबालाच राहील.